महालक्ष्म्यांच्या दिवशी दिलेला जबाब

किल्लारी,
दि. १२ फेब्रुवारी २०२५

चि. वर्षाराणीस तुझ्या वहिनीचे आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल. तिथं फोन देत न्हाईत म्हणून लिहायलेय. पत्र आधी तुमच्या सुधारगृहाच्या बाई वाचतील म्हणे. वाचू देत, माझं अक्षर लागलं तर.

हरभरा काढायला आलाय. तुझी पांढरी शेळी व्याली. दोन पिल्लं. त्यातलं एक तुझ्यासारखंच आगाऊ हाय, दिसंल ते चघळतंय.

मोठी बातमी ही, की कोर्टानं तुला आमच्या ताब्यात द्यायचा हुकूम केला. सोमवारी मी आन् तुझे दादा पहिल्या एसटीनं नांदेडला येतोय. कपडे बांधून ठेव. हुकूम कळल्यापासून मला नीट झोप लागायलीय, म्हणजे बघ.

आता दुसरं. हे लिहिताना लई कागद फाडले.

भादव्यात मालविका मॅडम आल्या होत्या, कोर्टातर्फे घरची चौकशी करणाऱ्या. त्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. ओसरी बायांनी भरलेली, माझ्या माहेरच्याही होत्या. दादा केळीची पानं आणायला गेलेले. मॅडमनी हळूच सांगितलं, तुला पोलिसांनी नांदेडच्या लॉजमधून सोडवलंय, घरचं माणूस न्यायला आलं तर घरी पाठवतील. मी तर गावाला सांगून बसले होते, वर्षा पुण्याला कंपनीत हाय. मागून कुणीतरी विचारलं, "कोण आलंय गं?"

"आमच्यात अशी कुणी न्हाई," म्हणाले मी. लिहूनही दिलं. वर मॅडमना हळदीकुंकू लावून वाटेला लावलं. माहेरवाशिणींचा सण गं तो, आन् मी तुलाच दारातून परत पाठवलं.

तुला वाटत असंल, दादांनी पाठ फिरवली. तसं न्हाई. शिवणकामाच्या नोकरीला म्हणून ती बाई तुला हैदराबादला घेऊन गेली ना, तिथं ते महालक्ष्म्यांनंतरही दोनदा शोधून आले. मी तोंड शिवून बसले.

जानेवारीत मॅडम परत आल्या. बरोबर लातूरची मृण्मयी, शिकणारी पोरगी. जेलमधी कोंडण्याशिवाय दुसरं काय करता येईल, असा काहीतरी तिचा अभ्यास. मला काय कळणार? पण ती सरळ म्हणाली, "काकू, लॉजवाला दोन महिन्यांत जामिनावर सुटला. सोडवलेल्या मुली मात्र आतच आहेत, न्यायला कुणी येत नाही म्हणून."

"वर्षा अजून आतच?" मी विचारलं. मला वाटलं होतं, तुला कधीच सोडलं असंल. खरंच वाटलं होतं, का वाटून घेतलं होतं, देवाला ठाऊक.

चहा तसाच ठेवून दादांना हाक मारली आन् दोघींसमोर सगळं सांगितलं. दोन दिवस ते शेतातच जेवले-झोपले. मग रेशनकार्ड काढून पुढ्यात ठेवलं. तुझं नाव तसंच हाय. लातूरला जाऊन नवा जबाब दिला. मॅडमनी विचारलं, मुलगी राहणार कुठं? म्हणलं, तिच्या घरात, आणखी कुठं? सही केली आन् जीव भांड्यात पडला.

माझ्याशी बोलू नकोस, चालंल. शिव्या दे. पण एसटीत बस. गावाला काय सांगायचं ते तू ठरव, न्हाईतर काहीच सांगू नको. औंदा महालक्ष्म्यांना दारात हळदीकुंकू तूच लावायचंस.

सोमवारी तिथं मला विचारतील, ही तुमची कोण? भोवती बाया भरलेल्या असल्या तरी मोठ्यानं सांगीन.

वर्षाराणीची वहिनी,
शिल्पा