एका-एका पापणीचा दर

जव्हार,
२ सप्टेंबर २०२५

चि. सपना,

आशीर्वाद. ठाण्यातल्या पार्लरात तुझी स्वतःची खुर्ची लागली हे ऐकून बरं वाटलं. मी ठीक आहे. पार्लर दोन आठवडे बंद ठेवलंय, त्याचं पुढे लिहिते.

नैसर्गिक दिसणाऱ्या पापण्यांचा दर किती लावू, असं तू विचारलंस. आधी वेळ मोज. एका पापणीवर एकच कृत्रिम केस, म्हणजे दोन्ही डोळ्यांना अडीच तास. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक घेता येत नाही. अडीच हजारांच्या खाली उतरू नकोस. लावलेलं दिसतच नाही तर पैसे कशाचे, असं विचारतील. न दिसण्याचेच, म्हणून सांग. घासाघीस करणारीला जाऊ दे.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे कामाला असताना तू हाच आकडा सांगितला होतास. मी तुला गिऱ्हाइकांसमोर झापलं. जव्हारात एवढे कोण देणार, तुला शहराचं वारं लागलंय, म्हणाले. तू निघून गेलीस. मी पाटीवर नऊशे लिहिले. बायका म्हणायच्या, मॅडम कडक आहेत पण गरिबाला परवडू देतात. मी ऐकून घ्यायचे.

ते खरं नव्हतं. माझी नजर अधू झाली आहे. चष्मे बदलून झाले. पापणी पापणीपासून वेगळी दिसेना, म्हणून दोन-तीन एकत्र चिकटवून मी तासाभरात मोकळी होत होते. नऊशे त्या कामाचे होते.

आता कमूचं लिहिते.

तुझी बहीण लग्नाच्या आठ दिवस आधी आली. तिलाही मी तसंच करून दिलं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, डावा डोळा ओढतोय. सवय होईल, म्हणाले. हळदीच्या दिवशी तिने डोळा चोळला आणि चिकटलेला पुंजका तिच्या पापण्यांसकट हातात आला. मी दाभोशाला तुमच्या घरी पोचले तेव्हा पापणी सुजली होती आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. हळदीत तेल जास्त झालं, असं मी मांडवात सांगितलं.

तेलाने डिंक सुटतो, पापणी मुळातून येत नाही. पहिल्याच महिन्यात मी तुला हे शिकवलं होतं. तरी तुला शंका आली नाही, कारण सांगणारी मी होते.

हळद तुमच्या पोशीआत्याने कालवली होती. आई गेल्यावर जिने तुम्हा दोघींना वाढवलं, तिच्याशी तू कमूच्या लग्नापासून बोलली नाहीस. गावात पहिली हळद लावायला तिलाच बोलावत. त्यानंतर तीन लग्नं झाली, तिला कोणी बोलावलं नाही. जूनमध्ये मोखाड्याच्या बाजारात ती मला भेटली. कमूच्या डोळ्याला काय लावू, असं तिने विचारलं. मी एरंडेल सांगितलं आणि जीपमध्ये बसले.

नाशिकच्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात सांगितलं की डाव्या पापणीवर केस आता येणार नाहीत. कमू सासरी मान वर करत नाही, हे मला तिच्या नणंदेकडून कळलं. त्या दिवशी मी शटर ओढलं.

परवा मी आत्याच्या दारी जाऊन सगळं कबूल केलं. तिने मला चहा दिला. म्हणाली, "मॅडम, तुमी शिकलेल्या. माझ्यावरचा आळ तुमी कशाला घेतां? तेल मीच घातला." मी पुन्हा सांगितलं. ती माझी समजूत काढत राहिली.

माझं खोटं सगळ्यांनी एका शब्दावर मानलं. खरं मानायला ती तयार नाही. पापणी कशाने जाते हे तुला कळतं, तुझं ती ऐकेल. तू येऊन सांग. फोनवर तू "मॅडम" म्हणाली असतीस आणि मी पुन्हा गप्प बसले असते, म्हणून लिहिलं.

क्षमा मागत नाही. कमूकडेही मागितलेली नाही. तिच्यासमोर उभं राहायचं धाडस होत नाही.

जिचं तू सगळं खरं मानलंस, ती
रंजना