न कापलेली प्रत

११ मार्च १९५७
पोचलो एकदाचा! चांद्यापर्यंत रेल्वे, मग मोटार, आणि शेवटी कोलूची बैलगाडी. पळस असा फुलला आहे की झोप येईना. एटापल्लीच्या अलीकडे ओढा लागला, तिथे कोलूने उतरून बैलांच्या गळ्यातली घुंगरं सोडली आणि फडक्यात बांधली. इकडच्या बोलीत मी ऐटीत विचारले, काऊन रे? तो हसला. म्हणाला, या रानात घुंगरं वाजवत जात नाई साहेब, मागून दुसरंच कोणी वाजवू लागते.

बंगला सगळा सागवानी. मालक गुणवंतराव लाकडाचे ठेकेदार. लंडनच्या लिलावांतून टपालाने इंग्रजी अद्भुतकथांच्या पहिल्या आवृत्त्या मागवण्याचा त्यांना नाद. आता ते चांद्यालाच राहतात, इकडे फिरकत नाहीत. सारा संग्रह एप्रिलमध्ये आमच्या मुंबईच्या लिलावात काढायचा आहे. निवडून, बांधून नेणे माझे काम.

१२ मार्च
दिवसभर कपाटांत डोके घालून बसलो. काय एकेक प्रत! आणि त्यांतले रत्न म्हणजे एका निनावी जनावराची कथा. पहिली आवृत्ती, पाने न कापलेली. जुन्या इंग्रजी पुस्तकांची पाने घडी घालूनच शिवलेली येत. वाचणाऱ्याने सुरीने घड्या कापायच्या; या पातळ पुस्तकात चारच आहेत. कापलेल्या प्रतीला गेल्या साली लंडनला चाळीस पौंड आले, न कापलेलीला त्याच्या चौपट. ही प्रत धड पोचली तर मला भागीदारी देण्याचा शब्द आमच्या दुकानाच्या शेटजींनी दिला आहे. बारा वर्षे दुसऱ्याच्या दुकानात धूळ झटकली, आता पाटीवर नाव येईल.

राखणदार सुगंधाबाई झाडलोट आणि स्वयंपाक करतात. पुस्तके पाहून म्हणाल्या, एवढी आणली मालकानं, आन् एकाचं बी पोट नाई फाडलं! याच कामाला गेल्या साली केळुसकर नावाचा एजंट आला होता. त्याने ही प्रत हाताळली का, असे विचारले. त्या म्हणाल्या, तो वाचला नाई, भाऊ. इकडे ‘त्याने काम केले’ असे म्हणत नाहीत, ‘तो काम केला’ म्हणतात. ‘मी वाचलो’ म्हणजे मी वाचले. म्हणजे केळुसकरने पुस्तक वाचले नाही. शाबास केळुसकर!

१४ मार्च
पहिली घडी कापलेली. काल शाबूत होती. सुगंधाबाईंवर चिडलो. त्याही फणकारल्या, मले एक अक्षर येत नाई भाऊ, मी काऊन कापू?

भिंग लावून पाहिले. सुरी बाहेरून चालली की कागदाचे तंतू आत वळतात. इथे ते बाहेर वळले आहेत. घडी आतून कापली गेली आहे.

मोकळी झालीच आहे तर वाचून काढली. एक जनावर रानातून निघते. त्याला नाव नाही. वाचणारा जिथवर वाचतो तिथवर ते येते आणि थांबते. घडी संपते तिथे ते एका ओढ्यावर उभे आहे. भाषा फार देखणी.

१६ मार्च
आणखी एक घडी. मग जेवून येतो तो पुढचीही. किंमत निम्म्यावर आली असेल. आता एकच घडी बंद आहे, ती तरी टिकली पाहिजे.

वाचायचे नव्हते. पण लेखक कधी इकडे आला नसणार, आणि पानात सागवानी बंगला आहे. शेणाने सारवलेले अंगण आहे. जनावर त्या अंगणात येऊन थांबते.

दुपारी सुगंधाबाईंनी हाक मारून सकाळचे सारवण दाखवले. पाऊल नव्हते. कुंपणापासून पायरीपर्यंत एक सरळ चीर. सुरीने ओढावी तशी.

१७ मार्च
सुगंधाबाईंना विचारले, केळुसकर इथून कुठे गेला? त्यांनी हातातला झाडू टाकला. मग हात धरून मागच्या मोहाच्या झाडाखाली घेऊन गेल्या. दगडांची लांबट रास. म्हणाल्या, पहिल्याच दिवशी सांगतलं ना भाऊ. वाचला नाई.

वाचला नाही —

मी व्याकरण लावत बसलो होतो.

त्यांनी गाठोडे बांधले. लेकीकडे एटापल्लीला निघाल्या. म्हणाल्या, माह्यासंगं पायी चाला, पुस्तकं राहू द्या इथीच. कोलूची गाडी उद्या येणार. प्रत टाकून जाऊ? शेवटची घडी अजून बंद आहे. मी नाही गेलो. फाटकातून त्या वळून ओरडल्या, माणसाची बी एकच आवृत्ती रायते, भाऊ!

१८ मार्च
सकाळ. प्रत धोतरात गुंडाळून पेटीत घातली. कुलूप. उघडणार नाही. वाचणार नाही.

चीर आता ओसरीवर आहे. सागाच्या फळीत. सरळ.

ऊन टळटळीत. पाखरू नाही. पेटीतून आवाज — कागद कापल्याचा. सावकाश, कुणी घाई नसलेले —

थांबला.

घुंगरं! फाटकाकडून घुंगरं. कोलू आला. मी वाचलो!

पेटी उचलायला गेलो. लाकूड चिरले आहे, आतून बाहेर. प्रत खाली पडली आहे, उघडी. बघायचे नव्हते. एकच ओळ, नजर गेली — ‘बैलांशिवाय वाजणारी घुंगरं —’

कोलू तर घुंगरं ओढ्यावरच सो