उशी पडत नाही

रविवार, ता. १२, दुपार

प्रिय भोपळ्या,

तू, वहिनी आणि छोटी तिघंही बरी असाल. मीही बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खालच्या दुकानदाराने नवा पंखा घेतलाय, तो दिवसभर करकरतो. जिन्यातला दिवा अजून गेलेलाच आहे. कारखान्यात शर्टांची मोठी ऑर्डर आलीय. बाकी नवीन काही नाही.

तुझा निरोप मिळाला. 'महिनाअखेर आम्ही हे गाव सोडतोय, कायमचं. तुला पोरीचं तोंड बघवत नसेल तर भेटायला येत नाही.' रागावलास की तुझी वाक्यं अशीच तुटक होतात, लहानपणापासून. फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

आधी एक गंमत ऐक. मी कफ लावायचं काम करते हे तुला ठाऊक आहेच. मागे एकदा जेवण करून मशीनवर बसले आणि एका शर्टाच्या दोन्ही बाह्यांची तोंडं शिवून टाकली. टाका अगदी सरळ, एकसारखा, पण हात बाहेर काढायला जागाच नाही. मास्तरांनी तो शर्ट सगळ्यांसमोर उंच धरला. म्हणाले, "बाई, ही कुठल्या गिऱ्हाइकाची ऑर्डर?" सगळा हॉल खो खो हसला. मला मात्र त्यातला एकही टाका घातल्याचं आठवत नव्हतं. मी झोपले होते आणि हात आपले चालूच होते.

तेव्हापासून मला मशीन देत नाहीत. घड्या घालते, कॉलरमध्ये पुठ्ठा सरकवते. मास्तर भला माणूस, कामावरून काढलं नाही. पण माझ्या खुर्चीवर आता दुसरी बसते आणि तिचे कफ वाकडे येतात. ते बघून जीव जळतो माझा.

मग गेले मोठ्या दवाखान्यात. डोक्याला वायरी लावून झोपवलं, उठवलं, पुन्हा झोपवलं. मणक्यातून पाणी काढून तपासलं. डॉक्टरीण तुझ्या वयाची असेल. म्हणाली, "ताई, तुम्ही आळशी नाही. मेंदूत खोलवर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. बाकीच्या मेंदूला जागं ठेवायचं हे त्यांचं काम. तुमच्यातल्या जवळजवळ सगळ्या गेल्यात."

"कुठे गेल्या?" मी बावळटासारखं विचारलं.

"मेल्या," ती म्हणाली. "बहुधा तुमच्याच शरीराने त्यांना शत्रू समजून मारलं. एखाद्या तापानंतर होतं असं कधी कधी. नक्की कोणालाच सांगता येत नाही."

परत येतील का, असंही विचारलं. नाही म्हणाली. गोळ्यांनी जाग थोडी वाढते, एवढंच. मी घरी आले, पोळीसारखी सपाट पडून राहिले आणि खूप रडले. तुला कळवावंसं वाटलं होतं. तुझा नंबर लावलासुद्धा आणि मग 'सहज केला होता' म्हणून ठेवून दिला

सोमवार, सकाळ

वरची ओळ घसरत कागदाबाहेर गेलीय, कारण तिथेच मला झोप लागली. नवा कागद घेता आला असता. पण तू बघावंस म्हणून हाच ठेवला.

खरी गोष्ट मी अजून लिहिलेलीच नाही. नुसती झोप असती तर तुला तेव्हाच सांगितलं असतं. चेष्टा करून करून माझा जीव खाल्ला असतास, पण ते चाललं असतं.

तुला आठवतं, जिन्यात तू घरमालकाच्या चालण्याची नक्कल केली होतीस? मी हसता हसता हातातल्या चहाच्या कपासकट खाली बसले. तू वहिनीला अभिमानाने सांगितलंस, "बघ, ताई कशी लोळतेय." मी लोळत नव्हते, भोपळ्या. माझे गुडघे गेले होते, मान गेली होती. ऐकू सगळं येत होतं आणि जीभ हलत नव्हती. स्वप्नात माणसाने उठून पळू नये म्हणून झोपेत अंग सैल पडतं म्हणे. त्या पेशी ते सैलपण दिवसा आत येऊ देत नाहीत. माझ्याकडे आता अडवायला कोणी नाही. हसू आलं, आनंद झाला की ते शिरतं. रागाने नाही होत, निदान मला. मास्तर ओरडले तर मी खांबासारखी उभी असते.

आता कळलं का? वहिनीने छोटीला पुढे केलं तेव्हा मी हात मागे घेतले. सर्दी झालीय म्हणाले. सर्दी बिर्दी काही नव्हती. ती माझ्याकडे बघून तोंड उघडून हसली आणि माझ्या बोटांतली ताकद जायला लागली. आणखी क्षणभर थांबले असते तर ती फरशीवर पडली असती. म्हणून चपला घालून पळाले. जिन्यात भिंतीला टेकून बसले होते, तेव्हा तुझ्या घरातून आवाज आला, "स्वतःचं नाही ना, म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही." वहिनी बोलली. तू काहीच बोलला नाहीस. ते लागलं मला. अजून लागतंय.

तेव्हापासून मी सराव करते. कापडाच्या चिंध्या भरून एक उशी शिवलीय, छोटीच्या वजनाची, अंदाजाने. कामावरून आले की तिला घेऊन खोलीभर फिरते. मान सावरते, थोपटते, तिच्याशी बोलतेसुद्धा. अजून एकदाही पडली नाही. आधी मला वाटलं, जमलं. मग लक्षात आलं, उशीबद्दल मला काही वाटतच नाही.

तेव्हा सरावाचा उपयोग नाही. पण जायच्या आधी तिला घेऊन ये. मी खाली गादी घालून, भिंतीला टेकून बसेन. माझ्या हातांखाली वहिनीचे हात असू देत. माझे सुटले तरी तिचे सुटणार नाहीत. माझी मान पडली, तोंड लुळं पडलं तर घाबरू नका, पाणी मारू नका. मी जागी असेन. थोड्या वेळाने आपोआप बरं होतं.

फक्त तेवढ्या वेळात तिला माझ्यावरून उचलू नका.

जागं राहायचा प्रयत्न करत वाट बघणारी,
तुझी ताई