मधला कर्नेल

प्रिय भिंगरी,

आधी बातमी सांगते, पाल्हाळ मागून येईलच. कॉम्प्युटर चालू आहे, भरतकामाचं मशीन चालू आहे, आणि दोन्ही मी चालू केलीत. मीच! शाळेत चार वर्षंसुद्धा धड न गेलेल्या तुझ्या आजीने. खुर्चीत नीट बस आणि मग वाच, कारण मला मधलं गाळून सांगता येत नाही हे तुला ठाऊकच आहे.

झालं असं, की मागच्या आठवड्यात कॉम्प्युटरवर ती चौकट आली, अपडेट आलंय, करू का म्हणून. तू बजावलं होतंस की टाळत बसायचं नाही, हो म्हणायचं. म्हटलं हो. बराच वेळ गुरगुरला आणि मग म्हणे बंद करून पुन्हा चालू करा. केला. स्क्रीन झकास आला, रंग छान, सगळं लख्ख. पण मशीन ढिम्म. वायर काढून लावली, फुंकर मारून लावली, दुसऱ्या भोकात लावली. कॉम्प्युटरचं आपलं एकच, मशीन जोडलेलं नाही. अरे, समोर ढळढळीत जोडलंय आणि नाही काय म्हणतोस! आणि टेबलावर शेजारच्या नर्सबाईने आणलेल्या हॉस्पिटलच्या कोटांचा हा ढीग, खिशांवर नावं घालायला. तोंडचं पाणीच पळालं बघ.

तुला फोन केला नाही. केला असता तर तू मिळेल ती बस धरून आली असतीस, आणि या वेळी तू यायला नको होतीस. हे माझं मला जमतंय का, ते मला बघायचं होतं. का, ते शेवटी सांगते. तुझ्या बापाला मात्र बोलून गेले. तो म्हणाला, आई, पुरे झालं आता, ते धूड भंगारात दे आणि माझ्याकडे राहायला ये. बोलतो प्रेमानेच. पण वस्तू बिघडली की टाकायची आणि आई दमली की उचलून आणायची, याच्यापुढे त्याची गाडी जात नाही. मी फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. हात कामात असले की माझं डोकं चालतं.

आणि चाललं. तू हे सगळं बसवून दिलंस तेव्हा मला सांगितलं होतंस ना, की आजी, आत एक कर्नेल असतो. आपण काम सांगतो ते त्याला कळतं आणि तो ते मशीनकडून करून घेतो, आपला थेट मशीनशी संबंध नाही. तेव्हाच मी म्हटलं होतं, म्हणजे आमच्या कपड्यांच्या कारखान्यातला मुकादम. तू हसली होतीस. पण आमच्याकडे काजं करायचं एक मशीन होतं, कोपऱ्यातलं. त्याला सुरू करताना गुडघ्याने हलकेच ढुशी द्यावी लागायची. नवा मुकादम आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, हे मशीन मेलंय. मेलं कुठलं! त्याला ती ढुशी माहीत नव्हती, एवढंच. म्हणून आमच्याकडे रीत अशी, की नवा मुकादम आला तरी जुन्याला लगेच घरी पाठवायचं नाही. दाराशी स्टूल टाकून बसवायचं. अडलं की तो उठून यायचा.

कणकेचे हात तसेच, आणि मला एकदम उमगलं. माझं मशीन मेलेलं नाही. अपडेटबरोबर मुकादम बदललाय! आणि जुन्यांना तू स्टुलावर बसवून ठेवलंयस, हेही आठवलं. सुरू होताना खालचा बाण दाबायचा, यादी येईल, जुने मी पुसलेले नाहीत, असं तूच म्हणाली होतीस.

इंग्रजी वाचायला नर्सबाईला बोलावलं. ती चष्मा सावरत आली आणि म्हणाली, अगं, माझ्या कोटांवर नावं घालायची सोडून याचं पोट फाडायला निघालीस काय? म्हटलं, तू फक्त वाच, टोमणे मनात ठेव. बाण दाबला. यादी आली. तीन ओळी, नाव एकच, पुढचे आकडे वेगळे. वरचा नवा, खालचा सगळ्यात जुना.

आता तुझ्या आजीचं शहाणपण बघ. मी म्हटलं, सगळ्यात जुना तोच सगळ्यात जाणता, ठेव त्याच्यावर बोट. त्याला मशीन लगेच दिसलं गं! दिवा लागला, सुई वर-खाली झाली, मी टाळ्या पिटल्या. मग स्क्रीनकडे बघतेय तर काय, अक्षरं ही एवढाली, पोळपाटाएवढी, निम्मी चौकट कडेच्या बाहेर आणि बटणं सापडेनात. नर्सबाई म्हणाली, बघ, तुझ्यासारखाच दिसतोय, चष्म्याशिवाय बसलेला. मी चिडले, पण तिचं खरं होतं. मोठा स्क्रीन आणि त्याच्यासाठी आत घातलेलं ते कार्ड तू मागच्या खेपेला आणलंस. या म्हाताऱ्याने ते आयुष्यात बघितलेलंच नाही, तो कुठून ओळखणार?

मग पुन्हा बंद-चालू करून मधला घेतला. मशीन आलं, अक्षरंही बेतशीर आली. नर्सबाईने लगेच कोट पुढे केला. पहिल्या कोटावर नाव उमटलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पण रोज चालू करताना बाण दाबायचा म्हणजे एक दिवस विसरणारच. म्हणून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. भला माणूस. त्याने दोन ओळी टाइप केल्या आणि मधल्याला कायमचा पहिला केला. म्हणाला, आजी, बरोबर निवडलात, पण नव्यावर राग धरू नका. पुढच्या सुधारणांत त्यालाही तुमचं मशीन कळेल, तेव्हा त्याच्याकडे जा. फार जुन्यावर बसून राहणं बरं नाही, चोराचिलटांना वाट सापडते. आणि जुने पुसून जागा मोकळी करू का असं कॉम्प्युटरने विचारलं तर इतक्यात हो म्हणू नका. मी म्हटलं, बाबा, ते मला कारखान्यापासून ठाऊक आहे. त्याने चहा घेतला, वर खिशावर स्वतःचं नाव घालून घेतलं आणि गेला.

आता शेवटचं. तुला वाटतं मला माहीत नाही. मागच्या खेपेला तू जिन्यात उभी राहून फोनवर बोलत होतीस. मशीन खडखडत होतं, म्हणून तुला वाटलं आजीला काही ऐकू जायचं नाही. पण दोऱ्याचा रंग बदलायची वेळ आली की ते थांबतं ना गं. नेमकं थांबलं. तू सांगत होतीस, एवढ्या लांब नाही येता येणार, माझ्या आजीच्या कॉम्प्युटरचं आणि मशीनचं बघणारं दुसरं कोणी नाही. हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करायची ती नोकरी. लहानपणी माझी कातर खोलून बसायचीस, तेव्हापासून जे करायचं होतं ते! मी दोरा ओवत बसले, कारण तेव्हा मला वाटलं, पोरगी बोलतेय ते खरंच आहे. आता ते खरं राहिलेलं नाही. त्यांना फोन कर आणि विचार, जागा अजून आहे का. पत्राबरोबर पार्सल आहे, त्यात कामावर घालायचा एप्रन आहे. स्क्रूड्रायव्हरसाठी उभे खिसे ठेवलेत आणि वरच्या खिशावर तुझं नाव घातलंय, आपल्या मशीनवर, मधल्या मुकादमाच्या हाताखाली. नाही रुळलीस तिकडे, तर परत ये, तुझी खोली मी पुसून टाकणार नाही. पण आधी जा.

तुझीच, अजून स्टुलावर बसलेली,
आजी