जांभळ्या दोऱ्याची माशी

वेंडेलदादा,

पंधरा दिवस आम्ही तुला छळलं. "म्हणे मोठा मासा दोरी तोडून पळाला! अरे, झाडाच्या मुळात गळ अडकला असेल तुझा!" सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते.

आज दुपारी पुलाखालच्या डोहात माझ्या गळाला ट्राउट मासा लागला. बोटांपासून कोपरापर्यंत लांब! सोडून देण्यासाठी पाण्यातच धरला, तर त्याच्या जबड्यात आधीच एक गळ. त्यावर माशांना भुलवायची पिसांची नकली माशी, जांभळ्या दोऱ्याने बांधलेली. तो दोरा साऱ्या मोंटानात तूच वापरतोस.

कंबरभर पाण्यात मी एकटीच खो खो हसत सुटले. माशी काढली, मासा सोडला.

हे पत्र काही मी टपालपेटीत टाकत नाही, जन्मभर ऐकवशील. पण रविवारी तुझ्याकडे जेवायला येईन, तेव्हा माशी माझ्या टोपीवर टोचलेली असेल. तुला दिसेपर्यंत टोपी काढणार नाही.

तुझी खोटी पडलेली,
लोर्ना