जरा लक्ष ठेवाल?

५ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! बसचं दार उघडलं आणि खारा वारा थेट तोंडावर आला. सामान म्हणजे पाठीवरची पिशवी, लॅपटॉप आणि एक छत्री. छत्री उगाचच आणली.

हॉस्टेल स्वस्त आहे आणि स्वस्तच दिसतं, त्यामुळे फसवणूक झाल्यासारखं वाटलं नाही. खोलीत सहा खाटा, चार भरलेल्या. रिसेप्शनवरच्या मुलीने न मागता खालची खाट दिली. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी शिडी चढताना काय दिसेन, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं असावं. खोलीतल्या हेडफोनवाल्या मुलीने पाच मिनिटांत मला काकू करून टाकलं.

नऊ दिवसांचा बेत आहे. वनस्पतिकोशाची सहाशे पानं, छपाईआधीचं शेवटचं वाचन. घरी स्वयंपाकघर फोडून ठेवलंय, त्या ठोकाठोकीत एक वेलांटीसुद्धा धड दिसत नाही. चौदाला परत जायचं. अठराला ठमी शिकायला निघते, दूर, दोन वर्षांसाठी. तिच्या बॅगा मीच भरून देणार, असं मी तिला कबूल केलंय. खरं लिहायचं तर तिने तसं मागितलेलं नाही. उलट म्हणाली, जा गं आई, तुझ्यावाचून घर पडत नाही, पाडायचं तेवढं गवंड्यांनी पाडलंच आहे.

६ तारीख, मंगळवार

हॉस्टेलपासून सात मिनिटांवर कॅफे सापडला. काचेला लागून एकसंध फळीचं लांब टेबल, पलीकडे रस्ता, मग बांध, मग समुद्र. एका कॉफीवर दिवसभर बसलं तरी काउंटरवाले काका कपाळाला आठी घालत नाहीत. माझ्यासारखी लॅपटॉप घेऊन आलेली सात-आठ माणसं होती. कोणी कोणाशी बोलत नाही. पण इथली एक रीत आहे. उठायचं झालं की शेजाऱ्याला विचारायचं, जरा लक्ष ठेवाल? त्याने हो म्हणायचं. संपलं.

आज एक अनोळखी गृहस्थ माझ्या हवाली लॅपटॉप, फोन आणि गाडीची किल्ली करून गेले. मी माझी पर्ससुद्धा जाऊबाईंकडे देताना विचार करते! ते येईपर्यंत मी एक ओळ वाचली नाही. वाचलं तर लक्ष कसं ठेवणार? परत आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, तरी मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. माझं हे असंच आहे.

८ तारीख, गुरुवार

पान १४० झालं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर राखी स्वेटरची एक बाई असते. तिन्ही दिवस माझ्या आधी आलेली. आज अकराला तिने मला विचारलं. आवाज इतका घोगरा, की बऱ्याच दिवसांत वापरलेला नसावा. मी एका शेवाळाच्या नावात अडकले होते, मान वर न करताच हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की, जा बिनधास्त. पायाला मुंग्या आल्यासारखी टेबल धरधरून गेली.

पाच वाजले तरी आली नाही. मागे एक बंद लॅपटॉप, चष्मा, घडी केलेला स्कार्फ, तपकिरी कपात अर्धी कॉफी. मी बाथरूमलासुद्धा उठले नाही. शेवटी सामान काकांकडे दिलं. त्यांनी काउंटरमागे ठेवलं आणि म्हणाले, येतील हो बाई, चष्मा सोडून माणूस जाणार कुठे? तरी वाटतं, हो मी म्हटलं होतं, काकांनी नव्हे.

९ तारीख, शुक्रवार

सामान कोपऱ्यात परत मांडलेलं, त्याच क्रमाने. काकांना विचारलं, तर म्हणाले, कुठलं सामान दिलंत तुम्ही मला? चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

कॉफीतून वाफ येत होती. काकांनी ती दिलेली नाही. मी कपाला बोट लावून पाहिलं. गरम.

त्यांना बाईचं वर्णन सांगायला गेले आणि अडखळले. स्वेटर आठवतो, चेहरा नाही. काका म्हणाले, ती का, ती कित्येक महिने बसायची. पण सामान तिचं नव्हतं हो. ती एका टक्कलवाल्यांचं सांभाळत होती. आणि ते आणखी कोणाचं तरी.

हे सगळं ते कप पुसता पुसता म्हणाले.

१० तारीख, शनिवार

आज मुद्दाम दुसऱ्या कॅफेत जायला निघाले, धक्क्याजवळच्या. बांधापर्यंत चालल्याचं आठवतं. मग मी लांब टेबलाशी होते, पिशवी अजून पाठीवर. बुटांत वाळू. समोर ते सामान.

नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. गवंडी म्हणे ओट्याची उंची आपल्या बायकोच्या मापाने घेऊन बसलाय. मी हसले. दहा मिनिटं बोलले. बोलताना सारखा आठवायचा प्रयत्न करत होते, की हे कोण आहेत. आवाज ओळखीचा, मागे आमच्याच फुटक्या फरश्या. चेहरा मात्र ओल्या कागदावरच्या शाईसारखा. मी सांगितलं, नेटवर्क नीट नाही. खोटं बोलले.

१२ तारीख, सोमवार

गुरुवारपासून एक पान वाचलेलं नाही. पान १४०. अजून पान १४०.

एक मुलगी शोधत आली. काकू, तुमच्या खाटेवरची चादरसुद्धा मोडली नाहीये, कुठे असता? गळ्यात हेडफोन होते, म्हणून समजलं.

सामानावरून नजर हटवली की ते नाहीसं होईल असं वाटतं. हटवत नाही.

१३ तारीख, मंगळवार

सुटका कशी होते ते मला कळलंय. बाई जशी सुटली तशीच.

शेजारी आज एक नवा तरुण बसला. पहिलाच दिवस. वायरींचा गुंता सोडवताना शीळ घालत होता. तीन शब्दांचा प्रश्न. तो हो म्हणाला असता, तशी मुलं हो म्हणतातच. उद्या मी घरी. परवा ठमीच्या बॅगा.

मी तोंड उघडलं. त्याने हसून पाहिलं. मी किती वाजले ते विचारलं.

त्याचीही कुठे तरी बॅग भरायची असेल. मी न बघता हो म्हटलं, ही माझी चूक. दुसऱ्याच्या गळ्यात कशी घालू? हा चांगुलपणा आहे की भित्रेपणा, ठरवता येत नाही.

१४ तारीख, बुधवार

बसमध्ये बसले. कंडक्टरने तिकीट फाडलं. बस हलली —

खुर्ची. हातात फाडलेलं तिकीट. कॉफी गरम.

१६ तारीख, शुक्रवार

ठमीचा फोन. झापलं मला. हा काय प्रकार आहे, तुझं आणि बाबांचं वाजलंय का? मी म्हटलं, काम आहे. ती म्हणाली, तुझं हे ‘काम आहे’ कुठल्या सुरातलं ते मला कळतं.

मी तिला तीनदा सांगितलं, येऊ नकोस. एकदाच सांगायला हवं होतं. तीनदा सांगितलं की ती —

१७ तारीख, शनिवार. सकाळ

ठमी आली. ‘आई’ अशी हाक मारली, म्हणून कळलं. चेहरा — नाही. हात धरला. हात तिचाच.

सगळं सांगितलं. हसली नाही. चारी वस्तू नीट बघितल्या. म्हणाली, बरं, मग सोपं आहे. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या बोटांमधून बोलली — तू बाहेर वाऱ्यावर पाच मिनिटं उभी राहा जा, मी बघते ना.

मी विचारलं नव्हतं. लिहून ठेवते. मी विचारलं नव्हतं.

दुपार. बांधावर

पाय मोकळे. सगळ्यांचे चेहरे दिसतात, रस्त्यावरच्या प्रत्येकाचे, भुवयांसकट. मी बघतच राहिले. पाच मिनिटं म्हणून. घड्याळात दीड तास गेलाय. का थांबले? बरं वाटत होतं म्हणून. हेच खरं.

काचेतून ठमी दिसते. नाक माझ्यासारखं. मान सामानाकडे.

तीनची बस आहे. बसचा विचारही मनात नाही — आला होता. क्षणभर आला होता.

आत गेले. म्हटलं, ठमे, ऊठ, झालं, मी आले. तिने वर पाहिलं. मोठ्यांशी बोलावं तसं, मीच शिकवलं तसं, हळू बोलली — मावशी, ही जागा धरलेली आहे. माझी आई येतेय एवढ्यात.

दुसऱ्यांदा —

उद्या तिचं विमान.

तिसऱ्यांदा. आवाज तरी ओळखेल, मी तिचा ओळखला होता. लहानपणी जोजवताना म्हणायचे ते म्हटलं. सगळं म्हटलं. ती ऐकत होती. बघत नव्हती.

मी बाहेर दाराशी उभी. काका आलेत. म्हणतात, बाई, पोरीला त्रास देऊ नका, ती तिच्या आईची वाट बघतेय. म्हटलं, मीच ती. माझीच वाट बघतेय. ते मला हाताला धरून टेबलापाशी नेताहेत — लिहितेय, कारण खोटं नको — तिला विचारताहेत, ह्या तुमच्या कोण? ठमी बघतेय. नीट बघतेय, मान कलती करून, आणि —