बिनकुलपाच्या घराची सहल

मांजरी बुद्रुक, पुणे
२० एप्रिल

तीर्थरूप दाजींच्या पायाशी सुखदेवचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

आपलं पोस्टकार्ड काल पोहोचलं. "प्रवास बाधतो. मी येत नाही. अक्का येईल. माझी सीट रिकामी समजावी." या चार वाक्यांनी जे काम केलं, ते आमच्या घरात तीन आठवडे बैठका घेऊन झालं नव्हतं. म्हणून आधी आभार मानतो आणि मग तब्येत विचारतो. फलटणच्या उन्हात आपण अजून सायकलवरून बाहेर पडता असं अक्का फोनवर सांगत होती. जपा. आपण पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्याला अकरा वर्षं झाली, तरी 'फोनवरचं बोलणं कच्चं, कागदावरचं पक्कं' हा आपला नियम आम्ही पाळतो, म्हणून हे पत्र. (आमच्या घरातून जाणारं कोणतंही पत्र पाकिटात पडण्याआधी आईला वाचून दाखवावं लागतं, हे आपल्याला ठाऊक आहेच. आईला अक्षर येत नाही, पण घरातून काय बाहेर जातंय हे तिला कळलं पाहिजे. वाचायचं काम माझ्या तेजस्विनीकडे. तेव्हा मध्येच मी आईशी बोलायला लागलो तर गोंधळू नका.)

ऐनवेळी काळजी करणाऱ्यांतला मी नाही. मी महिनाभर आधीपासून करतो. पण या वेळी कारणच तसं आहे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आई ओट्यावर गहू निवडत बसली होती. मी दुकानाकडे निघालो होतो, तर सुपातली मान वर न करता म्हणाली, "सुखदेवा, त्यो समुद्र अजून हाय का तिथंच?" दाजी, मी चपला काढून परत ओट्यावर बसलो. आई चौऱ्याहत्तर वर्षांची झाली आणि तिने समुद्र पाहिलेला नाही. आम्ही तीनदा कोकणात जाऊन आलो, आणि तिन्ही वेळा आई घर राखायला मागे राहिली. मागच्या वेळी, सहा वर्षांपूर्वी, तिला समुद्र म्हणून आम्ही पाण्याच्या बाटलीत भरून आणला होता. तिने एक थेंब जिभेला लावला, "खारट हाय" म्हणाली, आणि माडाला मीठ मानवतं म्हणून उरलेला समुद्र परसातल्या माडाच्या बुडाशी ओतला. (आई, माड धरला हे खरं, पण त्यासाठी आणला नव्हता.) आता जूनमध्ये तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, नंतर वर्षभर लांबचा प्रवास नको. आई म्हणते, "माझ्या वयाला वरीस म्हंजे लई." म्हणून या मे महिन्यात, नऊ तारखेला पहाटे निघून चार दिवस गुहागर. आईला समुद्र दाखवायचा, बाकी सगळे तिच्याबरोबर.

या 'बाकी सगळे'नेच घात केला. सुरुवातीला आम्ही पाच होतो. मग संभाजीचं कुटुंब आलं (धाकटा भाऊ, त्याला नको कसं म्हणणार), मग त्याच्या मेहुण्याचं आलं, मग आपण आणि अक्का. संभाजीचा इंद्रजीत खराडीत कॉम्प्युटरवर नोकरी करतो. त्याने खर्चाचा तक्ता मांडला आणि "काका, पर हेड कॉस्ट कंट्रोलमध्ये ठेवायची तर हॉटेल विसरा" असं सांगून आम्हाला एका घरगुती मुक्कामाच्या मोठ्या हॉलमध्ये कागदावरच ओळीने झोपवलं. जेवण एक वेळचं बाहेर, बाकी शिदोरी. त्याच काटकसरीच्या झटक्यात मी मंडईत गेलो आणि घाटात कोणाला मळमळू नये म्हणून स्वस्तात मिळाली तशी शंभर लिंबं घेऊन आलो. प्रवासाला अजून तीन आठवडे आहेत, हे घरी आल्यावर बायकोने सांगितलं. सध्या आम्ही सकाळ-संध्याकाळ सरबत पितो आणि माझी ॲसिडिटी वाढली आहे.

गाडी मुनव्वरभाईंची. ते गंजपेठेतले, वर्षभर शाळेच्या मुलांची ने-आण करतात, आणि मे महिन्यात गाडी उभीच असते म्हणून भाडं निम्मं. सहलीच्या परवान्याचा कागदही तेच काढून देणार आहेत. माणूस फार चांगला, पण वीस वर्षं लहान मुलं नेल्यामुळे त्यांची शिस्त मोठ्यांनाही लागू होते. गाडी दाखवायला आले तेव्हा त्यांनी आम्हाला अंगणात रांगेत उभं केलं, दोनदा मोजलं, आणि संभाजीला रुमाल आहे का विचारलं. सीटा सतरा. मी हळूच म्हणालो, एखादं मूल मांडीवर बसेल. त्यावर, "सुखदेवराव, मांडीवरचा पण माणूसच असतो. सतरा म्हणजे सतरा." मी मोजलं, तर आम्ही बरोब्बर सतरा होतो. त्या दिवशी मला दुपारची झोप लागली.

दुसऱ्याच दिवशी आमच्या मंडळींनी (म्हणजे माझ्या बायकोने, बाकी घर निर्दोष आहे) दारात निरोप घेताना संभाजीच्या सासूबाईंना, सुंदराबाईंना म्हटलं, "तुम्हीपण चला की आमच्याबरोबर!" आता आमची मंडळी माहेरच्या सदाशिव पेठेतल्या. तिकडे 'चला की' म्हणजे 'या आता' असाच अर्थ असतो, आणि समोरच्याने 'छे छे, पुन्हा कधीतरी' म्हणून चपला घालायच्या असतात. सुंदराबाई इंदापूरकडच्या. त्यांच्याकडे बोलावलं म्हणजे बोलावलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, की बॅगेला नवीन चेन बसवून घेतली. झालो आम्ही अठरा. हे ऐकताच आईने एका दमात सांगून टाकलं, "माझी सीट विहिणीला द्या. मी हाय की घर राखायला." आणि पुन्हा गहू निवडायला लागली. दाजी, मला तेव्हा आईचा राग आला. (हो आई, तुझाच. इतक्या वर्षांनी तोंड उघडून एक गोष्ट मागितलीस, आणि पहिल्या धक्क्याला ती दुसऱ्याला देऊन मोकळी झालीस.) त्यानंतर रोज कोणीतरी आपली सीट सोडायला तयार होत होतं आणि रोज आई त्याच्या आधी सोडत होती. अशात आपलं कार्ड आलं आणि पुन्हा सतरा झाले. आईची सीट पक्की झाली. तेजस्विनीने तर खिडकीजवळच्या सीटवर आजीच्या नावाची चिठ्ठीसुद्धा डकवून ठेवली आहे.

तर आता सगळं मार्गी लागलं असं आपल्याला वाटेल. मलाही काल संध्याकाळपर्यंत वाटत होतं. पण मग आईने विचारलं, "सगळीच चालली, तर दाराला कोण?"

आपण आमच्या घराचे जावई, आपल्याला घर माहीत आहे. पण दार कधी निरखून पाहिलंय का? आजोबांनी हे घर उसाच्या मळ्यात बांधलं, तेव्हा दाराला आतून सागवानी अडसर केला आणि बाहेरून काहीच केलं नाही. कडी नाही, कोयंडा नाही. घरात कायम कोणीतरी असणारच, मग बाहेरून लावायचं कशाला, हा त्यांचा हिशोब. आता ऊस गेला, मळ्याच्या जागी बावीस मजली इमारती झाल्या, आमचं घर त्यांच्या मध्ये आहे तसंच आहे, आणि त्या इमारतींतल्या निम्म्या दारांना कुलपं माझ्या हार्डवेअरच्या दुकानातून गेली आहेत. मी गिऱ्हाइकाला सात लिव्हरचं कुलूप हातात देऊन छातीठोकपणे सांगतो, की साहेब, निर्धास्त गावाला जा. आणि माझ्या स्वतःच्या घराला कुलूप अडकवायला जागा नाही. कोणी हसलं तर मी विषय बदलतो.

म्हणून आज सकाळी मी दुकानातला सगळ्यांत भारी कोयंडा आणि श्याम सुताराला घेऊन घरी आलो. श्यामने ड्रिल लावलं. त्या जुन्या सागाने ड्रिलचं पहिलं बिट मोडलं. दुसरं लावेपर्यंत आई बाहेर आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने त्याला बसायला पाट दिला, चहा दिला, मग "उन्हाचं कुठं जातोस" म्हणून पिठलं-भाकरी वाढली, आणि हात धुवायला पाणी देताना म्हणाली, "बाबा, ज्या घरातलं सगळं माणूस सरतं, त्याच्या दाराला भाईरून कुलूप लागतं. माझ्या घरात अठरा माणसं हायेत." श्यामने कोयंडा माझ्या हातात ठेवला, मजुरी घेतली नाही, आणि जाताना आईच्या पाया पडला. दाराला आता एक अर्धवट भोक आहे, त्यातून दुपारी ऊन आत येतं. आई म्हणते, मी थांबते. समुद्र काय, हाय तिथंच हाय.

दाजी, खरं सांगतो, मला भीती वाटते. गाडीची नाही, घाटाचीही नाही. नऊ तारखेला पहाटे मुनव्वरभाई सोळाच डोकी मोजतील, आई ओट्यावरून हात हलवेल, आणि पुढच्या वर्षी 'समुद्र बघायला येतेस का' असं मी तिला कोणत्या तोंडाने विचारणार, याची वाटते. असो. लांबलं. अक्काला नमस्कार, गाडीत तिची सीट पुढून तिसरी.

आपला,
सुखदेव

ता. क. १ : मूळ मुद्दा लिहायचा राहिलाच. आपण नाहीतरी येत नाही, अक्का तर आमच्याबरोबर, म्हणजे चार दिवस आपण एकटेच. ते एकटेपण फलटणऐवजी मांजरीत काढलं तर? फक्त घरात असायचं, सांजवात लावायची, आणि गाईला सकाळ-संध्याकाळ वैरण घालायची (ती गरीब आहे, फक्त टोपी बघून बिथरते). धार काढायला शेजारची बाई येते. घरात माणूस असला की कुलपाचा प्रश्नच उरत नाही.

ता. क. २ : पत्र आईला वाचून दाखवलं. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "जावईबापू माझ्या घरात येणार, आन् मी समुद्रावर? त्यांच्या ताटात कोण वाढणार? लेक न्हाई, सासू न्हाई, जावई हातानं चहा करणार? लोक त्वांडात शेण घालतील. ते येणार आसतील तर मी मुळीच हलत न्हाई. चार दिस पुरणावरणाचा बेत करते, त्यांना कळवा." दाजी, म्हणजे आता आपण आलात तरी आई राहणार आणि नाही आलात तरी राहणार. शंभरातली अडतीस लिंबं उरली आहेत.

(वेगळी चिठ्ठी, पाकीट चिकटवताना आत सरकवली आहे. वाचून फाडावी.)

दाजी, ही आईला वाचून दाखवलेली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं करतोय, दोनदा लिहून फाडली. कृपा करून एक कार्ड टाका, की आपल्याला यायला जमत नाही. कारण मोठ्याने वाचता येईल असं लिहा. मी आईला सांगतो, की शेजारचे नागोराव चार दिवस ओट्यावर झोपायला येतील. ते वडिलांचे मित्र, भाकरी घरून बांधून आणतात, त्यांच्यासाठी ती अडून राहणार नाही. खरं म्हणजे नागोराव आठ तारखेलाच लेकीकडे नाशिकला चाललेत. तेव्हा नऊ तारखेला सकाळी साडेपाचनंतर आपण यावं. तोवर आम्ही कात्रजचा बोगदा ओलांडलेला असेल. दार ढकललं की उघडतं. आपल्यासारख्या सरळ माणसाला खोटं लिहायला सांगतोय, याबद्दल आल्यावर कान पकडीन. फक्त तिला एकदा समुद्र दिसू दे.

(खाली दुसऱ्या अक्षरात)

आतोबा, मी तेजस्विनी. पत्र टाकायला निघाले होते, आजीने पाकीट पुन्हा उघडायला लावलं. 'घरातनं काय भाईर जातंय ते कळाया नगं?' म्हणाली. बाबांची चिठ्ठी मी वाचून दाखवली, सॉरी. पुढचं ती सांगते तसं लिहितेय.

जावईबापू, आशीर्वाद. नागोराव नाशकाला चाललेत, त्यांनी मला परवाच सांगितलं. सुखदेवाला खोटं बोलाया लहानपणापासनं येत न्हाई, कान लाल व्हत्यात. पर पोरानं चिठ्ठी दोनदा लिहून फाडली हे ऐकून माझं मन इरगळलं. तर तो सांगतो तसं तुम्ही न येण्याचं कार्ड टाका, मी ऐकीन आन् गप बसंन. मग या. जावई म्हणून येऊ नका, घरातलं माणूस म्हणून या, म्हंजे वाढायचा सवाल न्हाई. लाडू पितळी डब्यात, चटणी फडताळात वरच्या अंगाला, चहाची पूड सुखदेवाच्या बायकूनं लपवलेली आसती ती देवळीत मागल्या अंगाला बघा. टोपी घालून गाईपाशी जाऊ नका. मला ठाव हाय हे सुखदेवाला कळू देऊ नका, त्याला वाटू दे त्यानं आईला फसवलं. आन् रित्या हातानं येणार न्हाई मी. घर राखणाऱ्याला समुद्र बाटलीतनं मिळतो, ही आमच्यातली पद्धत हाय. तुमच्यासाठी भरून आणते.